औषध, आजार आणि ‘संबंध’ : रेसरपिनच्या बदनामीची चिकित्सा

‘अमुक औषधाचा तमुक आजाराशी संबंध असल्याचे संशोधकांना आढळले आहे’ अशा धाटणीची बातमी महिन्याकाठी एकदा तरी आपल्या वाचनात येते. औषध बहुधा रोजच्या वापरातले असते आणि आजार बहुधा दुर्मिळ व भीतिदायक असतो. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी दिले जाणारे एखादे बीटा-रोधक औषध आणि लसिका ग्रंथींचा एखादा विरळा विकार, अशी जोडी असली की बातमी अधिकच ठसते. लसिका ग्रंथी म्हणजे मानेत, काखेत, जांघेत असणाऱ्या आणि रोगजंतूंशी सामना करणाऱ्या लहान गाठी. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येते, ती सुजलेली लसिका ग्रंथीच असते.

अशी बातमी वाचून गोळी घेणारा माणूस काय करतो? काहीजण दुर्लक्ष करतात, काहीजण दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद करतात. हे दुसरे अधिक घातक आहे. हृदयविकाराच्या रुग्णाने बीटा-रोधक औषध एकाएकी थांबवल्यास छातीतील कळा वाढू शकतात, प्रसंगी हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो, हे १९७५ सालापासून वैद्यकाला माहीत आहे. म्हणजे ‘संबंध’ या एका शब्दाचा अर्थ नीट न कळल्याने माणूस जिवाला मुकू शकतो. विज्ञानाच्या तासाला हा शब्द तपासून पाहणे म्हणूनच आवश्यक आहे, असे आम्हाला वाटते.

येथे आम्ही एका जुन्या व गाजलेल्या संशोधनाची चिकित्सा करणार आहोत. त्यातील औषध आपल्याच मातीतले आहे, आणि त्याची आधुनिक वैद्यकाला ओळख मुंबईतून झाली. परंतु त्याआधी बीटा-रोधकांच्याच इतिहासातील दोन घटना पाहू. औषध आणि आजार यांचा खरा संबंध कसा उघडकीस येतो, हे त्यांतून कळते.

दोन खरे इशारे

हृदयाची गती व जोर वाढवणारा ॲड्रेनॅलिनचा संदेश पेशींवरील ज्या ग्राहींमार्फत पोचतो, त्यांतील काहींना बीटा-ग्राही म्हणतात. हे ग्राही अडवले तर हृदयावरील ताण कमी होईल, ही कल्पना ब्रिटनमधील जेम्स ब्लॅक यांची. इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत त्यांच्या गटाने तयार केलेले प्रोनेथलॉल हे औषध १९६२ साली रुग्णांमध्ये वापरून पाहिले गेले. पण दीर्घकाळ हे औषध दिलेल्या उंदरांमध्ये थायमस ग्रंथीच्या व लसिका ऊतींच्या कर्कगाठी आढळल्या. १९६३ साली ही माहिती प्रसिद्ध झाली आणि प्रोनेथलॉलची वाटचाल थांबली. त्याची जागा १९६४ साली पुढे आलेल्या प्रोप्रॅनोलॉलने घेतली. ते आजही वापरात आहे. ब्लॅक यांना १९८८ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

दुसरी घटना प्रॅक्टोलॉलची. हे बीटा-रोधक ब्रिटनमध्ये १९७० साली बाजारात आले. प्राण्यांवरील चाचण्यांत काही वावगे दिसले नव्हते. पुढे हे औषध घेणाऱ्या काहींच्या त्वचेवर विचित्र पुरळ उठू लागले, डोळे कोरडे पडून त्यांवर व्रण होऊ लागले, काहींच्या उदरातील आवरण जाड व कडक झाले. १९७५ साली लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयातील डॉ. पीटर राइट यांनी अशा २७ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच सुमारास औषधाचा वापर आवरता घेण्यात आला.

२७ रुग्णांवरून एवढा मोठा निष्कर्ष कसा काढता आला? कारण हा आजारच अनोखा होता. डोळे, त्वचा व उदर यांवर एकाच वेळी अशा तऱ्हेने परिणाम करणारा विकार डॉक्टरांनी पूर्वी पाहिला नव्हता, आणि तो होणारे सगळे एकच औषध घेत होते. एरवी कोठेच न दिसणारी गोष्ट एका ठिकाणी सत्तावीस वेळा दिसली, तर मोठ्या आकडेमोडीची गरज उरत नाही. मात्र जो आजार औषध न घेणाऱ्यांनाही होतो, त्याच्याबाबतीत नुसत्या नजरेने काही ठरत नाही. तेथे तुलना करावी लागते, आणि तुलनेतच चूक होण्याची जागा असते.

सर्पगंधेपासून रेसरपिनपर्यंत

सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पूर्वापार औषधात वापरली जाते. उन्माद आणि उच्च रक्तदाब यांवर तिचा उपयोग होतो, असा निबंध १९३१ साली कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिला. परंतु जगाचे लक्ष तिकडे वळले ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यामुळे. केईएम रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर सर्पगंधेचा वापर करून आपली निरीक्षणे १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केली. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी सर्पगंधेच्या मुळांतून रेसरपिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. १९५७ साली डॉ. वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपिन अत्यल्प मात्रेत काम करते आणि ते स्वस्त असल्याने जगभर वापरले जाऊ लागले.

आपल्याकडील पुस्तकांत ही गोष्ट बहुधा येथेच संपते. तिचा उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. आमच्या मते विद्यार्थ्यांना अधिक शिकवणारा भाग तोच आहे.

२१ सप्टेंबर १९७४

या तारखेच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात तीन शोधनिबंध एकत्र छापून आले. एक अमेरिकेतील बॉस्टनच्या औषध-निरीक्षण प्रकल्पाचा, दुसरा ब्रिटनमधील आर्मस्ट्राँग, स्टीव्हन्स व डॉल यांचा आणि तिसरा फिनलंडमधील हाइनोनेन व सहकाऱ्यांचा. रेसरपिन व त्या जातीची औषधे घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो, असे तिन्ही निबंध सांगत होते. बॉस्टनच्या मते धोका सुमारे साडेतीन पट होता, तर इतर दोघांच्या मते सुमारे दुप्पट. तीन देश, तीन गट आणि एकच उत्तर! डॉ. वकील यांचे निधन त्याच वर्षी झाले.

तिन्ही अभ्यासांची रीत मुळात एकच होती. आजार झालेल्यांचा एक गट घ्यायचा, तो आजार नसलेल्यांचा दुसरा गट तुलनेसाठी घ्यायचा आणि पूर्वी औषध कोणी किती प्रमाणात घेतले होते ते पाहायचे. ही रीत स्वतः सदोष नाही. रिचर्ड डॉल यांनीच ब्रॅडफोर्ड हिल यांच्यासमवेत १९५० साली याच रीतीने धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता आणि तो काळाच्या कसोटीवर टिकला. मग रेसरपिनच्या बाबतीत काय बिघडले?

प्रथम बॉस्टनचे आकडे पाहू. स्तनाचा कर्करोग झालेल्या १५० स्त्रियांपैकी ११ जणी, म्हणजे ७.३ टक्के, रेसरपिन घेत होत्या. तुलनागटातील १२०० स्त्रियांपैकी २६ जणी, म्हणजे २.२ टक्के. आता उलटे गणित करा. २.२ टक्क्यांच्या हिशेबाने १५० स्त्रियांत सुमारे ३ जणी रेसरपिन घेणाऱ्या निघायला हव्या होत्या, निघाल्या ११. म्हणजे ‘साडेतीन पट’ या भारदस्त शब्दांच्या मुळाशी अवघ्या सात-आठ जास्तीच्या स्त्रिया आहेत. एवढ्या लहान संख्येवर निवडीतील छोटीशी चूकही मोठा परिणाम करते. टक्केवारी आणि पट वाचताना त्यांमागची मूळ संख्या विचारावी, हा पहिला धडा.

तुलनेला कोण, आणि कोणाला वगळले?

दुसरा दोष अधिक खोल आहे. फिनलंडच्या अभ्यासात तुलनागट म्हणून दुसऱ्या शस्त्रक्रियांसाठी दाखल झालेल्या स्त्रिया घेतल्या होत्या. मात्र हृदय, रक्तवाहिन्या, मूत्रपिंड इत्यादींच्या शस्त्रक्रियांसाठी आलेल्यांना त्यातून वगळले होते. हेतू वरवर पाहता रास्त वाटतो, कारण अशा रुग्णांना रक्तदाबाची औषधे एरवीच अधिक दिली जातात आणि त्यांच्यामुळे तुलना बिघडेल अशी भीती असते. परंतु स्तनाच्या कर्करोगाच्या गटातील ज्या स्त्रियांना हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा विकार होता, त्यांना मात्र तशी कात्री लावली गेली नाही. गाळणी एकाच बाजूला लावली गेली.

याचा परिणाम समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अंबड किंवा परतूर तालुक्यातील एखादी शाळा आहे. एसटीचा पास आणि शाळेत उशिरा येणे यांचा संबंध तपासायचा आहे. १५० मुलांपैकी ३० उशिरा आली, त्यांपैकी १२ जणांकडे पास आहे, म्हणजे ४० टक्के. १२० वेळेवर आली, त्यांपैकी ४८ जणांकडे पास आहे, म्हणजे पुन्हा ४० टक्केच. पास आणि उशीर यांचा काही संबंध नाही.

आता तपासणारे गुरुजी म्हणतात, ‘दूरच्या गावांतून येणाऱ्या मुलांची गोष्ट निराळी. तुलनेला गावातली आणि जवळपासचीच मुले घेऊ.’ वेळेवर आलेल्यांतून त्यांनी दूरच्या गावांची ४५ मुले काढली. त्यांतल्या ४२ जणांकडे पास होता, तिघे सायकलने येतात. उरली ७५ मुले, पास फक्त ६ जणांकडे, म्हणजे ८ टक्के. उशिरा आलेल्यांच्या यादीला मात्र हात लावला नाही. तेथे ४० टक्के कायम. निष्कर्ष काय निघाला? उशिरा येणाऱ्यांत पासधारकांचे प्रमाण पाचपट! एकही आकडा खोटा नाही, कोणी लबाडी केलेली नाही, तरी निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

रेसरपिनच्या बाबतीत नेमके असेच घडू शकते, हे १९८५ साली अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या राल्फ हॉर्विट्झ व अल्व्हन फाइनस्टाइन यांनी दाखवून दिले. तुलनागटातून हृदय व रक्तवाहिन्यांचे रुग्ण वगळले की संबंध ‘दिसतो’, न वगळता मोजले की तो विरून जातो.

तत्पूर्वीही शंका घेतल्या गेल्या होत्याच. ब्रिटनच्या ज्या गटाने पहिला इशारा दिला होता, त्यानेच १९७६ साली उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांचीच आपसात तुलना करून पाहिली, तेव्हा संबंधाला पुष्टी मिळाली नाही. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लाबार्थ व ओ’फॅलन यांनी उच्च रक्तदाबाच्या सुमारे २००० स्त्रियांच्या नोंदींचा पुढील अनेक वर्षांचा मागोवा घेतला. तेथेही रेसरपिनमुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही.

तुलना कशाशी करायची, हा विचार जालन्याच्या शेतकऱ्याला नवा नाही. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही कंपनी काढली आणि जालना बियाण्यांसाठी ओळखले जाऊ लागले. नव्या वाणाची परीक्षा करताना त्याच जमिनीत, त्याच पाण्यावर, शेजारीच नेहमीचे वाण लावतात. नवे वाण काळ्या जमिनीत आणि जुने मुरमाड रानात लावून कोणी उत्पन्नाची तुलना केली, तर गावात हसे होईल. लॅन्सेटमधील निबंधात तोच प्रकार झाला, पण आकड्यांच्या आड तो दिसायला अकरा वर्षे लागली.

हजार जाळी टाकली की एक मासा लागतोच

तिसरा दोष शोधाच्या पद्धतीतच आहे. बॉस्टनचा प्रकल्प एकाच औषधाचा एकाच आजाराशी संबंध तपासत नव्हता. अनेक औषधे, अनेक आजार, आणि प्रत्येक जोडीची तुलना. समजा, १०० औषधे व १०० आजार घेतले तर जोड्या होतात १०,०००. केवळ योगायोगाने वीसपैकी एकदा फसवेल अशी कसोटी लावली, तर एकही खरा संबंध नसतानासुद्धा सुमारे ५०० ‘संबंध’ हाती लागतील. फिनलंडच्या निबंधाचे एक सहलेखक सॅम्युएल शपिरो यांनी पुढे अनेक वर्षांनी या काळाकडे वळून पाहताना मोकळेपणाने मान्य केले की, एवढ्या तुलना केल्यावर योगायोगाने काही ना काही वर येणारच होते. आपल्याच कामाविषयी असे लिहिण्यास मोठे धैर्य लागते, हेही नमूद केले पाहिजे.

चौथी गोष्ट यंत्रणेची. रेसरपिनमुळे शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते आणि उंदीरवर्गीय प्राण्यांत हे संप्रेरक स्तनातील गाठींच्या वाढीस पोषक ठरते, हे तेव्हा माहीत होते. त्यामुळे संशयाला शास्त्रीय आधार मिळाल्यासारखे झाले. पण ‘असे होऊ शकते’ हे पटणे म्हणजे ‘माणसांत असे झाले’ याचा पुरावा नव्हे. हुशार माणसाला कोणत्याही संबंधाचे पटेल असे कारण सुचते, आणि तेच धोक्याचे असते.

या चिकित्सेत एक न्याय राखला पाहिजे. इशारा देणे गैर नव्हते. प्रॅक्टोलॉलच्या वेळी इशारा दिला गेला म्हणून अनेकांचे डोळे वाचले. चूक झाली ती इशाऱ्याला निवाडा समजण्यात. पुढे नवी औषधे आली, रेसरपिनचे मरगळ व नैराश्य यांसारखे दुष्परिणामही चर्चेत होते, त्यामुळे त्याची पीछेहाट केवळ या निबंधांमुळे झाली असे म्हणता येणार नाही. पण कर्करोगाचा शिक्का हे त्यातील एक कारण निश्चितच होते. चाचण्यांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रन संस्थेने २००९ साली असा निष्कर्ष काढला की, रेसरपिन इतर प्रमुख औषधांच्या तोडीने रक्तदाब उतरवते. त्यासाठी हाताशी चारच लहान चाचण्या होत्या. स्वस्त औषधाची बाजू घेऊन मोठी चाचणी करायला फारसे कोणी पुढे येत नाही, हे त्यामागचे वास्तव.

मग लसिका ग्रंथींचे काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. बीटा-रोधक घेणाऱ्या एखाद्या रुग्णाच्या लसिका ग्रंथींत विरळा विकार आढळला, तर आपण काय विचारावे?

औषधाने लसिका ग्रंथी सुजणे अशक्य नाही. फेफऱ्यावरील फेनिटॉइनसारख्या औषधांमुळे काहींच्या ग्रंथी इतक्या वाढतात की कर्करोगाचा भास होतो, हे १९५९ साली साल्ट्झस्टाइन व ॲकरमन यांनी दाखवले. औषध थांबवल्यावर त्या गाठी ओसरल्या, हा त्यातील बळकट पुरावा. तेव्हा पहिला प्रश्न : औषध बंद केल्यावर विकार ओसरला का?

दुसरा प्रश्न क्रमाचा. थायरॉइड ग्रंथी अतिक्रियाशील झाली की छाती धडधडते, आणि त्यासाठी प्रोप्रॅनोलॉल देतात. या विकारातच काही रुग्णांच्या लसिका ऊती व थायमस वाढलेली असते. येथे गाठी औषधामुळे आल्या असे म्हटले, तर पाऊस छत्र्यांमुळे पडतो असे म्हटल्यासारखे होईल. औषध आधी की आजार आधी, हे तारखांनिशी पाहिले पाहिजे.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. जालना जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे १९ लाख ५९ हजार होती. त्यांपैकी एक लाख लोक एखादे औषध घेतात आणि तो विरळा विकार वर्षाला लाखात एकाला होतो, असे धरून चालू. धोका ‘दुप्पट’ झाला तर एकाऐवजी दोघांना होईल. औषध सोडल्याने वाढणाऱ्या रक्तदाबापायी पक्षाघात किंवा हृदयविकार होणाऱ्यांची संख्या यापेक्षा कितीतरी मोठी असेल. शिवाय इतके लोक औषध घेत असताना, त्यांतल्या एकाला हा विकार निव्वळ योगायोगानेही होणारच.

म्हणून एकट्या रुग्णाची हकीकत निरर्थक ठरत नाही. ती नोंदली पाहिजे. भारतात २०१० सालापासून औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे आणि गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग त्याचा समन्वय करतो. अशा विखुरलेल्या नोंदी एकत्र आल्यावरच पुढचा प्रॅक्टोलॉल वेळेत पकडता येईल.

वर्गात करून पाहण्यासाठी

एसटीच्या पासचे गणित फळ्यावर मांडावे, पण उत्तर आधी सांगू नये. ‘पाचपट’ हा आकडा लिहून चूक कोठे आहे ते मुलांना शोधू द्यावे.

दुसरा प्रयोग नाण्याचा. ४० मुलांनी प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवावे. पाचही वेळा छाप येण्याची शक्यता ३२ मध्ये १, म्हणजे वर्गात एखाद्याला तसे येण्याचा चांगलाच संभव आहे. त्याने आज डब्यात काय आणले ते विचारावे. मेथीची भाजी निघाली, तर ‘मेथी आणि छाप यांचा संबंध आढळला’ असे फळ्यावर लिहावे. दुसऱ्या दिवशी मेथी आणणाऱ्या सर्वांकडून पुन्हा नाणे उडवून घ्यावे. शोध आणि पडताळा यांतील फरक यापेक्षा सोप्या रीतीने शिकवता येईल असे आम्हाला वाटत नाही.

अशा बातम्या वाचताना विद्यार्थ्यांनी पाच प्रश्न विचारावेत. मूळ संख्या किती? तुलना कोणाशी, आणि वगळले कोणाला? किती जोड्या तपासल्यावर ही एक सापडली? औषध आधी की आजार आधी? दुसऱ्या कोणी, दुसऱ्या रीतीने तपासून तेच आढळले का? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत घरातील कोणाची गोळी बातमीच्या भरवशावर बंद होऊ देऊ नये, आणि शंका असेल तर बातमीचे कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जावे.